सूक्ष्मकण हवेतही तयार होतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हवेतील सूक्ष्मकणांवरच्या आपल्या लेखात धूळ, धूर आणि काजळी यांचाच हिशेब आहे. हे कण जसेच्या तसे हवेत मिसळतात. पण २.५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांतला, म्हणजेच 'पीएम २.५' मधला, मोठा वाटा वायूंपासून हवेतच तयार होतो, आणि त्याचा लेखात उल्लेखही नाही. उपाय ठरवताना नेमकी हीच उणीव भोवते.

गंधक असलेले इंधन जळले की सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. उन्हामुळे हवेत निर्माण होणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल (ऑक्सिजन व हायड्रोजनच्या एकेका अणूचे अतिक्रियाशील कण) त्याचे ऑक्सिडीकरण करतात आणि शेवटी सल्फ्युरिक आम्लाची वाफ तयार होते. तिचे दोन-चार रेणू एकत्र आले तरी सहसा टिकत नाहीत, कारण पुंजका जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग वक्र, आणि तितके रेणू सहज निसटतात. अमोनिया किंवा अमाइन (अमोनियासारखीच सेंद्रिय संयुगे) सोबत आले तर मात्र पुंजका घट्ट बांधला जातो. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या कणभौतिकी प्रयोगशाळेतील 'क्लाउड' या हवेतील कणनिर्मितीच्या प्रयोगाने २०१३ मध्ये दाखवून दिले की, हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे डायमिथाइल अमाइनचे तीन रेणू असले, तरी कण तयार होण्याचा वेग अमोनियाच्या तुलनेत हजार पटींहून अधिक वाढू शकतो. इतक्या नगण्य वायूचा एवढा प्रभाव, ही गोष्ट खरोखर थक्क करणारी आहे.

जन्मलेला प्रत्येक कण तगतो असे नाही. दीड-दोन नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) कण वेगाने भरकटतो, आधीपासून हवेत असलेल्या मोठ्या कणावर आदळतो आणि त्यालाच चिकटून संपतो. त्याआधी त्याने वाढायला हवे. वाढीचा वेग सहसा ताशी १ ते १० नॅनोमीटर असतो, आणि बहुतेक ठिकाणी एकटे सल्फ्युरिक आम्ल त्याला पुरे पडत नाही. झाडांतून येणाऱ्या टर्पीन या सुगंधी वाफांचे ऑक्सिडीकरण होऊन सहज न उडणारी सेंद्रिय द्रव्ये बनतात, ती कणावर साचत जातात. ५० ते १०० नॅनोमीटरपर्यंत पोचलेला कण ढगातील थेंबाचे बीज होऊ शकतो.

पीएम २.५ चा आकडा कणांच्या वजनाचा असतो, आणि त्यात या नवजात कणांचे फारसे काही उमटत नाही. घनता सारखी धरली तर १० नॅनोमीटरचे दहा लाख कण मिळून १ मायक्रॉनच्या एका कणाएवढे भरतात. स्वस्त लेझर सेन्सरना तर साधारण ३०० नॅनोमीटरखालचे कण दिसतच नाहीत. शिवाय दमट हवेत क्षारांचे कण पाणी शोषून फुगतात (अमोनियम सल्फेटचा कोरडा कण सुमारे ८० टक्के आर्द्रतेला विरघळून थेंब होतो), तेव्हा हेच सेन्सर आकडा फुगवून सांगतात. अमोनियम नायट्रेटचे (नायट्रोजन ऑक्साइड व अमोनिया यांच्यापासून हवेत बनणाऱ्या क्षाराचे) उलटे आहे. तो थंडीत कणरूपात जमतो आणि ऊब मिळाली की पुन्हा वायू होतो. त्यामुळे नमुना ५० अंश सेल्सियसपर्यंत तापवणाऱ्या यंत्रात त्याचा बराच भाग मोजणीआधीच उडून जातो.

रस्त्यावर पाणी मारल्याने जाड धूळ खाली बसते; वायूंपासून बनणारे कण त्याने थांबत नाहीत. त्यासाठी इंधनातील गंधक, ज्वलनातून येणारे नायट्रोजन ऑक्साइड आणि खते व पशुपालनातून सुटणारा अमोनिया यांनाच आवर घालावा लागतो. आपण पीएम २.५ चा आकडा छापता, त्याच चौकटीत सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि अमोनिया यांची पातळी, त्या वेळची सापेक्ष आर्द्रता आणि मोजणी कोणत्या प्रकारच्या यंत्राने केली हेही द्यावे, ही आग्रहाची विनंती.

आपला,
वातावरणशास्त्राचा एक अभ्यासक