गेटवरच्या आठ तासांचं काय, साहेब?

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी एकोणीस वर्षं पेट्रोल-डिझेलचा टँकर चालवतो. उत्तर महाराष्ट्रातल्या एका डेपोत माल भरायचा आणि खानदेशातल्या पंपांवर खाली करायचा, हे काम. डेपोचं आणि शेठचं नाव लिहीत नाही. भांडण एका गेटशी किंवा एका माणसाशी नाही, आणि खरं सांगायचं तर उद्या परत त्याच गेटवर उभं राहायचं आहे.

गेल्या हिवाळ्यातली एक खेप सांगतो. पहाटे साडेपाचला रांगेत गाडी लावली. टोकन, कागदपत्रं, गाडीची तपासणी, मग नंबर येईपर्यंत यार्डात बसून राहणं. भरून, कुलूप लागून गेटाबाहेर पडलो तेव्हा दुपारचे एक चाळीस झाले होते. एकशे नव्वद किलोमीटरवरच्या पंपावर आठच्या आत पोहोचलो. मॅनेजर म्हणाला, आता अंधार झाला, सकाळी खाली करू. त्याचंही चुकलं नाही. पेट्रोल अंधारात घाईने उतरवायची वस्तू नाही. सकाळी साडेआठला गाडी खाली झाली आणि दुपारी दीडला मी परत आलो. बत्तीस तास झाले. त्यात चाकं फिरली ती अकरा तासांच्या आसपास.

या खेपेचे मला मिळाले ४५० रुपये भत्ता, जेवणखाण त्यातच. वर महिन्याचा पगार १२ हजार. तो बत्तीस तासांच्या खेपेलाही तेवढाच आणि दहा तासांच्या खेपेलाही तेवढाच.

तुम्ही म्हणाल, रात्री झोपलास ना? झोपलो, केबिनमध्ये, बारा हजार लिटर पेट्रोलच्या पुढ्यात. दुसरे ट्रकवाले रस्त्याच्या कडेला स्टोव्ह पेटवतात, खिचडी टाकतात. आम्हाला काडी ओढायची सोय नाही, आणि नसावीच. ढाबेवाला आमची गाडी तंदूरपासून लांब, पार कुंपणाच्या टोकाला लावायला सांगतो. तिथून जेवायला जायचं तरी अर्धं लक्ष गाडीकडे, कारण भरलेली गाडी बेवारस सोडायची नाही हा पेट्रोलियम नियमांतला दंडक आहे. म्हणजे रात्रभर मी तिथे कायद्याच्या हुकमाने बसलेला असतो. पगाराच्या हिशेबात मात्र त्या रात्री मी कुठेच नसतो.

१९६१चा मोटार परिवहन कामगार कायदा मी मुलाकडून वाचून घेतला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, लांब पल्ल्याला दहा आणि चौपन्नपर्यंत सूट, जादा कामाला दुप्पट दर. वाचताना हसू आलं. पण त्यातली एक ओळ मी मुलाला दोनदा वाचायला लावली. कामगार मालकाच्या दिमतीला असतो तो वेळ म्हणजे कामाचे तास, अशी व्याख्या आहे. आणि पुढे म्हटलं आहे की टर्मिनलवर नुसतं हजर राहणं पंधरा मिनिटांहून कमी असेल तर तेही त्यात धरावं. पंधरा मिनिटं! लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एसटीचा स्टँड असावा. बस लागली, कंडक्टरने चहा घेतला, घंटी वाजली. तेलाच्या डेपोचं यार्ड त्यांनी पाहिलेलं नसणार.

शिवाय तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांना. माझ्या शेठच्या दोन गाड्या, आम्ही तीन माणसं. पंपमालकांच्या स्वतःच्या अशा एक-दोन गाड्या गावोगाव आहेत. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा जुना कायदा त्यातल्या एकीत गेला. आता तास कसे मोजायचे ते नियमांत ठरतं, म्हणून हे पत्र. तेल कंपन्या केंद्राच्या, त्यांचे ठेकेदारही केंद्राकडे, असं तुमचे अधिकारी सांगतील. मग पंपमालकाच्या गाडीवरचा माणूस कोणाचा? तो तर तुमचाच ना?

आमच्या वेळेची नोंद कुठे नाही, असं कोणी सांगितलं तर मानू नका. गेटवर आत जायची वेळ लिहितात, बाहेर पडायची वेळ लिहितात. चलनावर भरल्याची वेळ असते. गाडीत ट्रॅकिंगचं यंत्र आहे. ठरलेला रस्ता सोडला किंवा नको तिथे थांबलो की शेठला फोन जातो. पोट बिघडलं म्हणून रस्त्यात वीस मिनिटं थांबलो होतो, त्याचा खुलासा मी लेखी दिलेला आहे. त्या वीस मिनिटांचा जाब विचारणारं यंत्र यार्डातल्या आठ तासांबद्दल अवाक्षर काढत नाही.

देखरेखीबद्दल माझी तक्रार नाही. २५ जानेवारी २०११ला मनमाडजवळ पानेवाडीला अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलात भेसळ करणाऱ्या तेलमाफियांनी जाळून मारलं. आमच्या भागात कोणी ते विसरलेलं नाही. तेव्हापासून टँकर दिसला की लोकांच्या मनात आधी भेसळच येते. कुलपं लावा, यंत्रं लावा, मला त्याचं काही वाटत नाही. फक्त जे यंत्र माझी चोरी पकडायला आहे, तेच माझे तास मोजायलाही वापरा.

आता ‘शॉर्ट’बद्दल, म्हणजे पंपावर माल कमी भरतो त्याबद्दल. हिवाळ्यातल्या त्याच खेपेत पंपावर डिपकांडी, म्हणजे टाकीतला माल मोजायची काठी, घातली तर माल ३८ लिटर कमी भरला. कुलूप शाबूत होतं. पेट्रोल एका अंशाने गार झालं तर हजार लिटरला साधारण एक लिटर आकसतं. दुपारी भरलेला माल खानदेशातल्या थंडीत रात्रभर उभा राहिला. तीन-सव्वातीन अंश उतरायला काय लागतं? गंमत बघा, घनता तपासताना पंपावर थर्मामीटर घालतात, तक्ता काढतात, १५ अंशाला किती होईल ते मांडतात आणि मगच माल पास करतात. डिप घेताना मात्र तो थर्मामीटर खिशात जातो. पेट्रोल शंभराच्या वर. चार हजारांना थोडे कमी पैसे माझ्या पगारातून गेले. शेठ म्हणाला, “मी तरी कोणाकडे मागू?” तो काही वाईट माणूस नाही. पण थंडीचं बिल सगळ्यांत खालच्या माणसाने भरायचं, हे ठरवलं कोणी? पगारातून अशी कपात करायची असेल तर आधी तापमानाचा हिशेब लेखी मांडायचा, एवढी अट तुम्ही घालू शकता.

जानेवारी २०२४ आठवतं? अपघात करून न कळवता पळणाऱ्या चालकाला भारतीय न्याय संहितेत दहा वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली, त्यावरून टँकर संपावर उभे राहिले आणि दोन दिवसांत पंपांवर बाटल्या घेऊन रांगा लागल्या. अचानक आम्ही अत्यावश्यक झालो. ते कलम १०६(२), १ जुलै २०२४ला बाकीची संहिता लागू झाली तेव्हा, बाजूला ठेवलं गेलं. पंप भरले आणि आमचं बोलणं तिथेच संपलं. पगाराचा विषय तेव्हा कोणी काढला नाही; आम्हीही नाही, हे कबूल करतो.

नितीन गडकरी साहेबांनी २०२१मध्ये म्हटलं होतं की विमानाच्या पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचेही तास ठरवावेत. ऐकून बरं वाटलं होतं. २०२५पासून नव्या ट्रकना एसी केबिनचा नियम झाला, तेही चांगलंच. आमची गाडी जुनी आहे. नवी आली तरी शेठ डिझेल लिटरवर मोजून देतो, त्यामुळे एसीचं बटण कोणाच्या खर्चाने दाबायचं ते आत्ताच कळतंय.

पगारवाढ किती द्यावी, तो आकडा मी सांगत नाही. किमान वेतन ठरवायला तुमच्याकडे माणसं आहेत. माझं मागणं वेळेचं आहे. गेटात शिरल्यापासून गाडी रिकामी होऊन परत येईपर्यंतचा वेळ पगारपत्रकावर दिसावा. रात्रीच्या राखणीला पूर्ण दर नसेल तर अर्धा लावा, पण काहीतरी लावा. मालकाकडे पाच माणसं असोत की दोन. यार्डात अंघोळीला पाणी आणि पाठ टेकायला एक खोली मिळाली, तर सकाळी स्टिअरिंगवर बसणाऱ्याचे डोळे उघडे राहतील. त्याच्यामागे बारा हजार लिटर पेट्रोल असतं आणि पुढे तुमच्या-आमच्या पोरांची शाळेची बस असते.

गेटच्या पावत्या आम्ही सहसा डॅशबोर्डवरून उडू देतो. वर सांगितलेल्या खेपेच्या महिन्यात मी टाकल्या नाहीत, प्लास्टिकच्या पिशवीत जमवल्या. १४ खेपा झाल्या, आणि नुसतं गेटाच्या आत थांबलेले तास भरले ९३. झेरॉक्स काढून ठेवली आहे. तुमच्या कार्यालयातून कोणी मागितली तर आणून देईन. फक्त गुरुवारी बोलवा, त्या दिवशी माझी गाडी नसते.

आपला,
एक टँकरचालक