बोटॉक्सच्या बिलावर युनिट हवेत

संपादक महोदय,

नागीण सुकली तरी त्या पट्ट्यातली आग कित्येकांची महिनोन्‌महिने जात नाही. सदऱ्याचा स्पर्शही सोसवत नाही. अशा दुखण्यावर हल्ली बोटॉक्सची, म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनची, चौकशी होते. सुई नसेत टोचतात, हा समज मात्र चुकीचा. दुखरा भाग पेनाने आखून एक-दीड सेंटिमीटर अंतरावर ठिपके मांडतात आणि 30 गेजच्या, म्हणजे अगदी बारीक, सुईने प्रत्येक ठिपक्यापाशी कातडीत 0.1 मिली औषध सोडतात. एकूण 50 ते 200 युनिट (औषधाच्या मात्रेचे माप), क्वचित 300. अर्धशिशीचा 155 युनिट, 31 जागा हा हिशेब इथे लावू नये. अमेरिकेत 2010 साली मान्यता मिळाली ती जुनाट अर्धशिशीसाठी, या आगीसाठी नव्हे.

गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तो साधारण तीन महिने टिकतो. चवथीला घेतलेले इंजेक्शन नाताळापर्यंत ओसरते. ‘कायमची सुटका’ सांगणाऱ्याला नमस्कार करावा. शिवाय हा पहिला उपाय नव्हे. आधी अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन या मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या गोळ्यांपैकी एखादी पुरेशा मात्रेत काही आठवडे घेऊन पाहावे लागते. झोप येते म्हणून चार दिवसांत सोडलेली गोळी ‘लागू पडली नाही’ म्हणता येत नाही.

खरा घोळ कुपीत होतो. तिच्यात औषधाची भुकटी असते, ती सलाईनमध्ये विरघळवून टोचतात. 100 युनिटच्या कुपीत 2 मिली सलाईन घातले तर 0.1 मिलीत 5 युनिट येतात. 4 मिली घातले तर अडीच. टोचण्या तेवढ्याच, औषध निम्मे! एका कंपनीचे युनिट दुसरीच्या युनिटाबरोबर जुळतही नाही. त्यात न उघडलेली कुपी 2 ते 8 अंशांत ठेवायची. पावसात आपल्याकडे वीज कशी जाते ते सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा फ्रीजला इन्व्हर्टर आहे का, हे विचारण्यात संकोच कसला?

चेहऱ्यावर घेतल्यास एक बाजू काही आठवडे ओघळू शकते. मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू दुबळे पडण्याचा आजार) असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे टाळावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावे. नंतर गिळताना वा श्वास घेताना त्रास झाला तर थेट कॅज्युअल्टी गाठावी.

‘बोटॉक्स, एक डोस’ एवढेच लिहिलेले बिल घेऊ नये. कंपनी, बॅच क्रमांक, एकूण युनिट आणि किती मिली सलाईन घातले, हे चारही त्यावर लिहून घ्यावे. पुढच्या वेळी मात्रा ठरवताना डॉक्टरला हेच आकडे लागतात.

— वेदनाचिकित्सेतील डॉक्टर, फोंडा