आत्याला सांगा, पोराचे पाय शाबूत आहेत

अटलांटा,
जूनअखेर, रविवार

ती. अण्णा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र बघून दचकू नका, आम्ही सगळे बरे आहोत. फोनवर काही सांगायला गेलं की आई तिसऱ्या वाक्याला ‘जेवलात का’ विचारते आणि अण्णा ‘हं, हं’ करत फोन तिच्या हातात देतात. म्हणून लिहायलाच बसले. सोबत थोरल्याचा बाबागाडीतला फोटो छापून पाठवतेय. ग्रुपवर टाकलेलाच, ज्याच्यावरून एवढं रामायण झालं तो.

आत्याचा निरोप वाचला. ‘एवढा घोडा झाला नि बाबागाडीत? पाय मोडलेत का त्याचे?’ त्याखाली काकांनी अंगठा टेकवला, आणि आई, तू हसण्याचं चित्र टाकलंस. बघितलंय मी.

आता खरं सांगते. चार वर्षांपूर्वी हेच वाक्य मी स्वतः बोलले होते. थोरला तेव्हा तीन वर्षांचा होता. इथे आठ-नऊ वर्षांची मुलं बाबागाडीत बसलेली दिसायची, गुडघे हनुवटीला लागलेले, बुटांची टोकं जमिनीला घासतायत, आणि ढकलणारी आई घामाघूम. मी ह्यांना म्हणाले, ‘काय लाडावून ठेवलंय बघा.’ मराठीत बोललं की आजूबाजूला कुणाला कळत नाही, हा इथला एक मोठा फायदा. तर आत्याला म्हणावं, तुझ्या आधी मीच बोलून बसलेय.

सुट्टी लागली म्हणून आम्ही ऑरलँडोला गेलो, डिस्ने वर्ल्ड बघायला. इथून गाडीने सातशे किलोमीटर. अण्णा, ‘बाग’ म्हणून तुमच्या डोळ्यांपुढे जे येत असेल ते पुसून टाका. १९७१च्या ऑक्टोबरात सुरू झालेलं हे प्रकरण जवळजवळ शंभर चौरस किलोमीटरवर पसरलंय. हद्दवाढीनंतरचं आपलं अख्खं सोलापूर धरलं तरी त्याच्या निम्म्याहून जास्त! त्यात मोठ्या बागा चार. आम्ही दोन दिवस एकाच बागेत काढले, मॅजिक किंगडममध्ये. तिथे गाडी लावली की बाग समोर दिसत नाही. आधी वाहनतळ तुडवायचा, मग तिकिटांचं ठाणं, मग तळ्यावरून बोटीने नाहीतर वरून जाणाऱ्या मोनोरेलने पलीकडे, आणि मग कुठे दरवाजा. खरं चालणं त्याच्या आत सुरू होतं.

पहिल्या दिवशी मी ठरवूनच गेले होते, थोरला चालणार. सात पूर्ण झालीत, वीस किलो वजन आहे, शाळेत फुटबॉल खेळतो. बाबागाडी फक्त धाकटीला, घरचीच, छत्रीसारखी मिटणारी. (अण्णा, हे खास तुमच्यासाठी. ही मिटणारी गाडी काढली ओवेन मॅक्लारेन नावाच्या एका इंग्रज इंजिनिअरने, १९६५ साली. त्याआधी त्याने स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलं होतं. उडालं की पोटात दुमडायची आणि उतरताना उघडून सगळा भार पेलायचा, ते काम. तेच डोकं त्याने पोरांच्या गाडीला लावलं. पायाने एक खटका दाबला की सगळं मिटून काठी होते. तुम्ही असता तर आधी ती खोलून बिजागऱ्या बघितल्या असत्या आणि मग पोरीला बसवलं असतं.)

सकाळ झकास गेली. ‘स्पेस माउंटन’ म्हणून अंधारातली एक घसरगाडी आहे, तिला उंचीची अट आहे ४४ इंचांची. दाराशी मापाची पट्टी उभी असते. आमचा बहाद्दर तिच्याखाली असा उभा राहिला म्हणून सांगू, मान ताठ, छाती पुढे, श्वास रोखलेला, टाचा हळूच उचललेल्या. तिथल्या मुलीने हसून टाचा खाली टेकवायला लावल्या. पंचेचाळीस भरला. त्याच्या तोंडावर जो आनंद होता तो आतल्या गाडीत बसूनही आला नाही. ‘आई, मी मोठ्यांच्यात आलो.’

आणि दुपारी तीनला हाच मोठा माणूस भर रस्त्यात फतकल मारून बसला.

हट्ट नव्हता तो. हट्ट असता तर मी त्याच्या दुप्पट हट्ट केला असता, मला ओळखता तुम्ही. पण त्याचे ओठ सुकलेले, गाल लाल, नजर कुठेतरी भलतीकडेच. सोलापूरचं ऊन भाजतं, तिथलं उकडतं. पारा चौतीसच दाखवतो, पण अंगावर ओलं फडकं गुंडाळून भट्टीपुढे बसवल्यासारखं होतं, आणि चार वाजले की गडगडून पाऊस. माझ्या घड्याळात त्या दिवशी २३ हजार पावलं पडली. त्याचे पाय केवढे, त्याची पस्तीस हजार तरी झाली असतील. हे डोक्यातच आलं नव्हतं माझ्या. रांगेत तास-तास उभं राहणं त्यात मोजलेलंच नाही. शेवटी धाकटीला उठवून त्याला तिच्या गाडीत बसवलं. मग ती रडायला लागली. रात्री ह्यांनी त्याला खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत आणलं आणि हॉटेलवर येऊन जे आडवे झाले ते सकाळी कुशीवर वळून, खाटेला धरून उठले. कंबर गेली.

म्हणून दुसऱ्या दिवशी दारातच दोघांना बसता येईल अशी गाडी भाड्याने घेतली. भाडं सांगत नाही, आई लगेच रुपयांत हिशोब करेल. फोटो त्याच दिवशीचा.

त्या गाड्यांचंही एक शास्त्र आहे. पोराच्या वयाची अट कुठेच नाही. तिकिटाला आहे. तीनच्या आतलं फुकट, नऊपर्यंत लहान, दहाव्या वर्षी पूर्ण तिकीट. आपली एस.टी. बिचारी बारापर्यंत अर्धं घेते. बाबागाडीत मात्र कितव्या वर्षापर्यंत बसायचं हे कुणी विचारत नाही. गाडीचं माप तेवढं ठरलेलं आहे, २०१९च्या मे महिन्यापासून. रुंदी ३१ इंच, लांबी ५२, त्याहून मोठी आत न्यायची नाही, आणि पोरांना बसवून ओढायचे छकडे तर बंदच. आत प्रत्येक पाळण्याबाहेर गाड्या लावायची जागा असते. सिद्धेश्वराच्या देवळाबाहेर चपलांचा ढीग असतो ना, तशा शेकडो बाबागाड्या. तिथली माणसं त्या सारख्या सरकवून ओळीत लावत असतात, त्यामुळे तुम्ही लावलेली गाडी तिथेच सापडेल असं नाही, आणि भाड्याच्या सगळ्या एकसारख्या. लोक रिबिनी बांधतात, फुगे बांधतात. मी दांड्याला आईने दिलेला चौकटीचा सोलापुरी टॉवेल बांधला. लांबून दिसायचा. एका बाईने विचारलं, कुठे मिळतो हा? मी म्हटलं, चौदा हजार किलोमीटरवर.

तिथेच एक मुलगा बघितला, दहाएक वर्षांचा, गाडीत बसलेला, कानांवर जाड हेडफोन. माझ्या मनात जुनं वाक्य येऊन गेलंच. मग दांड्याला लावलेली लाल चिठ्ठी दिसली. ज्या मुलांना गर्दी, आवाज सोसत नाही किंवा चालण्याची अडचण असते, त्यांच्या गाडीला व्हीलचेअर समजून रांगेतही नेऊ देतात, त्याची ती खूण. पोरगा दिसायला अगदी धडधाकट. मी टॉवेलची गाठ उगीचच पुन्हा आवळत बसले.

पण म्हणून आत्या साफ चुकली असंही मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या लाडोबाने सकाळी नऊलाच गाडीत बैठक मारली. काल तीनपर्यंत चाललेला पोरगा आज दारातच दमला! बसायला आहे म्हटलं की पाय आपोआप दुखतात, हे मोठ्या माणसांनाही लागू आहे. त्याला उठवलं आणि सांगितलं, जेवणापर्यंत गाडीत तुझी बॅग बसेल, तू नाही, आणि बहिणीला ढकलायचं काम तुझं. तासभर ढकलली त्याने. मी ढकलत होते तेव्हाच चाक एका आजोबांच्या टाचेवर गेलं. चूक सगळी माझी, मी नकाशा बघत होते. आजोबा ओरडले नाहीत, नुसतं वळून आधी गाडीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. तेवढं पुरलं.

दुपारी तो बसला आणि मी त्याच्याशेजारी वाकून सहज समोर बघितलं, त्याला काय दिसतंय ते. अण्णा, काहीही दिसत नाही हो. माणसांच्या पाठी, पिशव्या, ढुंगणं. एवढा कोटींचा राजवाडा समोर उभा केलाय आणि पोराला कुणाच्यातरी पाठीवरची पाण्याची बाटली दिसतेय. म्हणून तर बरीच मुलं गाडीवर छत ओढून आत मोबाइल बघत बसतात. वर पोर पुढे, आई मागे, तोंडं दोघांची एकाच दिशेला. तो काही बोलला तरी मला अर्धंच ऐकू येतं. माझा राग असला तर तो ह्या गोष्टीवर आहे. पाय वापरले की नाही, त्याचं मला एवढं वाटत नाही.

रात्री राजवाड्यावर आतषबाजी असते. धाकटी बघत होती, हा गाडीत मान टाकून झोपलेला. संपल्यावर दाराशी आलो तर गाडी तिथेच परत करायची! भाड्याची गाडी बागेबाहेर नेता येत नाही. पुढे बोट, मग वाहनतळ. ह्यांची कंबर गेलेली, त्यांनी धाकटीचं बोट धरलं. झोपलेला वीस किलोचा पोरगा मी उचलला. झोपलं पोर जागं असलेल्यापेक्षा जड असतं, हे आई तू म्हणायचीस. बोटीच्या रांगेत माझा उजवा हात बधिर झाला, त्याची लाळ माझ्या मानेवरून आत चाललेली, आणि मला सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा आठवला.

मी दुसरीत असेन. किंक्रांतीचं शोभेचं दारूकाम बघायला होम मैदानावर गेलो होतो. अण्णा, तुम्ही जत्रेच्या पांढऱ्या बाराबंदीतच होता. आदल्या दिवसांत नंदीध्वजांच्या उंच काठ्यांबरोबर गावाभोवतीच्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा तुम्ही अनवाणी केली होती आणि तळपाय फुटले होते. आई त्यांना तेल लावत होती, हेही आठवतंय. गर्दीत मी तुमच्या खांद्यावर. तिथून मला सगळं दिसायचं. सातही नंदीध्वज मी त्या वर्षी तिथूनच मोजले होते. आणि दारूकाम झाल्यावर मी झोपले, ते जागी झाले साखर पेठेत, घराच्या पायरीवर, तुम्ही कडी वाजवत होता तेव्हा. दुसरीतली घोडी. आत्या त्या वेळी सोबतच होती, तिला विचारा, तेव्हा ‘पाय मोडलेत का’ म्हणाली होती का.

एक विचारायचं होतं. मधे कुठे टेकला होतात का? का सलग आणलं? मला बोटीपर्यंतच चार वेळा कठड्याला टेकावं लागलं.

आता जानेवारीचं. तिकिटं काढली आहेत, संक्रांतीच्या चार दिवस आधी पोचतो. बाबागाडी आणणार नाही. चाटी गल्लीत ती घेऊन शिरायचं म्हणजे आपणच वाट अडवायची. थोरल्याला अडुसष्ट लिंगांचं सांगितलंय. त्याने विचारलं, ‘उंचीची अट आहे का?’ नाही म्हटल्यावर जरा हिरमुसला. मग म्हणाला, ‘दमलो तर आजोबा उचलतील ना?’

आणि इथे अण्णा, मी तुम्हाला हात जोडून सांगते. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं नाही. तो गोड बोलेल, गळ्यात हात टाकेल, तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. तरी म्हणायचं. फार तर कट्ट्यावर उभा करा आणि मागून धरा. दमला तर ह्यांची कंबर तोवर बरी झालेली असेल, नाहीतर मी आहे.

आई, शेंगांची चटणी ह्या वेळी कमी तिखट कर, धाकटी आता आमच्या ताटातलं खाते. कडक भाकरी मात्र येताना न्यायला भरपूर सांगून ठेव.

आत्याला नमस्कार. फोटो तिलाही दाखवा, पण आधी पत्र वाचून दाखवा.

कळावे,
तुमची
बबी