माणूस खाणारं झाड आणि आपला मुंजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या पेठेतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मादागास्करच्या माणूस खाणाऱ्या झाडाचा व्हिडिओ फिरतोय, आणि पोरं सोडा, मोठी माणसं पण खरं मानून फॉरवर्ड करायलेत, म्हणून लिहितोय. असलं झाड कुठंच नाही. १८७४ साली न्यूयॉर्क वर्ल्ड पेपरनं ती बातमी छापली, एडमंड स्पेन्सर नावाच्या लेखकानं ती मनानंच रचलेली, म्कोडो नावाची जमात त्या झाडाला बाई बळी देते म्हणे, तर ती जमातसुद्धा बनावट. तरी १९२४ मध्ये चेस ऑसबॉर्न या अमेरिकेतल्या माजी गव्हर्नरांनी त्या झाडाच्या नावानं पुस्तक काढलं. राग याचा येतो की भीतीच्या मजेसाठी एका खऱ्या देशातल्या माणसांना रानटी ठरवलं.

आपल्याकडं पण पिंपळावर मुंजा हाय, चिंचेवर हडळ हाय. पण मुंजा कोण, तर मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा, त्याची भीती वाटते तशी कणव पण येते. पिंपळपानाचा देठ लांब, त्यामुळं वारं जाणवत नसलं तरी पानं सळसळतात, रात्री पाराजवळनं जाताना काळजात धस्स होतंच! पण त्या धाकानं कुऱ्हाड लांब राहिली. राधानगरी, आजऱ्याकडच्या देवराया पण देवाच्या धाकानंच टिकल्या की.

महाराष्ट्राच्या झाडं जपायच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनं शहरातलं ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज धरलंय. तुमच्या पेपरनं कोल्हापुरातल्या असल्या जुन्या पिंपळांच्या गोष्टी म्हाताऱ्या माणसांकडनं ऐकून फोटोसकट छापाव्यात, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर