डोंगरातला देव

महोदय,

पावसाळा लागला की रविवारची पहाटेची कसारा लोकल पाठीवर सॅक घेतलेल्या तरुणांनी भरते. ‘देवळात जायला सांगितलं तर कंटाळा, आणि डोंगरात बरे जाता,’ असं घरचे म्हणतात. मला मात्र देव सर्वांत जवळ भेटला तो हरिश्चंद्रगडावर. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यातून पिंडीला प्रदक्षिणा घालताना काही मागावंसंच वाटत नाही. नोकरी, घर, आजारपण, सगळं गडाखाली राहतं. यात नवं काहीच नाही. तुकोबासुद्धा देहूहून भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात जाऊन बसत. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंच माथ्यावर देवीचं इवलंसं देऊळ आहे, आणि नवरात्रात पंचक्रोशीतली माणसं ती उभी चढण चढून दर्शनाला जातात.

म्हणूनच अशा जागी कुणी ब्लूटूथ स्पीकर लावला की जीव तळमळतो. (प्लास्टिकच्या बाटल्यांबद्दल तर बोलायलाच नको.) हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वन विभागाने पायथ्याशी प्रवेश शुल्काची पावती देतानाच स्पीकर जमा करून घ्यावेत आणि उतरताना परत द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई