हिमालयातला तेरडा

शेफील्ड, 20 जुलै

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर "रविवारी दिवसभर कुठे होतीस?" म्हणून विचारलंस, मी "रानात" म्हटलं आणि तू फोन सरळ बाबांच्या हातात दिलास. म्हणून म्हटलं, नीट लिहूनच कळवावं. नाहीतर तुला वाटायचं, पोरीचं डोकं थंडीने फिरलं.

इथे शहराच्या कडेलाच एक्लेसॉल वुड्स नावाचं रान आहे, सुमारे साडेतीनशे एकरांचं. जी जागा 1600 सालापासून सलग रानच राहिली, तिला इंग्लंडात प्राचीन रान म्हणतात. हे त्यातलंच. ओकची झाडं आपल्या ऐनासारखी भारदस्त. एप्रिलअखेर, झाडांना पालवी फुटून खाली सावली पडायच्या आत, जमिनीवर निळी फुलं अशी उमलतात की पाऊल कुठे ठेवावं कळत नाही. आजूबाजूची माणसं सुट्टीच्या दिवशी येऊन या रानाची निगा राखतात. एक निवृत्त बसड्रायव्हर, दोन नर्सा, कॉलेजची पोरं आणि त्यात मी. आपल्या देवराईत चपला घालून शिरलं की आजी पाठीत धपाटा घालायची. इथे जाड बूट नसतील तर कामालाच घेत नाहीत. शिवाय आधी एका कागदावर सही, मग चहा, मग काम.

आणि काम काय? तेरडा उपटायचा!

खरंच सांगते. ओढ्याकाठी हिमालयातला तेरडा माजलाय. 1839 साली बागेत शोभेला म्हणून आणला आणि कुंपणाबाहेर सुटला. आपला कंबरेएवढा, हा माझ्या डोक्याच्या वर. फूल तसंच गुलाबी, बोंडही तसंच, हात लागला की फट्‌कन फुटणारं. लहानपणी आम्ही एकमेकींच्या कानाशी फोडायचो ना, तसं. फक्त याचं बी सात मीटरपर्यंत उडतं आणि एका झाडाला आठशेपर्यंत बिया. थंडीत झाड मरतं, काठ उघडा पडतो, माती वाहून जाते. म्हणून बोंडं धरायच्या आत, जून-जुलैत, मुळासकट उपटायचा. मूळ वरवरच असतं, एका हिसक्यात येतं. पहिल्या दिवशी उपटताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. आपल्याकडे जिला गौर म्हणून पदर डोक्यावर घेऊन, मुकाट्याने, पाणवठ्यावरून घरात आणतो, तिला मी इथे ढिगात फेकत होते.

मागच्या वर्षीच्या गौरीचं तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते. तेव्हाही ओढ्याकाठी थोडा तेरडा उरला होता. त्या बसड्रायव्हर आजोबांना म्हटलं, पूजेला चार फांद्या हव्यात. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, कारण हे रोप कुठे बाहेर रुजू देणं इथे कायद्याने गुन्हा आहे. मग स्वतःच चार फांद्या निवडल्या, मुळं तोडली, एकेक बोंड तपासून काढलं आणि म्हणाले, पूजा झाली की या परत माझ्याकडे आणायच्या. त्या फांद्यांना तुझी जुनी हिरवी साडी नेसवली, तू दिलेला मुखवटा बसवला. घावने केले, ते तव्याला चिकटले. तू म्हणशील, परक्या मुलखातला तेरडा गौरीला कसा चालला? अगं, गौर हिमालयाची लेक. तेरडा तिच्या माहेरचाच की. तिसऱ्या दिवशी फांद्या आजोबांच्या हवाली केल्या. विसर्जन म्हण हवं तर.

या रानात नुसतं उपटणं नाही, शोधणंही असतं. उतारावर मध्येच गोल सपाट जागा लागतात, वरचा पाचोळा बाजूला केला की खाली काळी माती. कोळशाच्या जुन्या भट्ट्या त्या. जॉर्ज यार्डली नावाचा कोळसेवाला 1786 साली आपल्या खोपटात जळून मेला, त्याचा दगड अजून रानात उभा आहे. मला आपल्या सड्याखालच्या भट्ट्या आठवल्या. बाबा सांगायचे, डोंगरच्या डोंगर तोडून कोळसा मुंबईला गेला, राहिली ती देवाची राई. रवळनाथाला विचारल्याशिवाय फाटीसुद्धा उचलायची नाही, म्हणून राहिली. इथे सही घेतात, आपल्याकडे कौल लावतात.

आता मुद्द्याचं. दादाने देवळाच्या नव्या सभामंडपाचा नकाशा पाठवलाय. त्यात मागचा बेहडा दिसतच नाही. बेहडा म्हणजे तोच, ज्याच्या ढोलीत गरुडाची मादी स्वतःला लिंपून घेऊन बसायची आणि नर फटीतून तिला फळं भरवायचा. पुस्तकात त्याला धनेश म्हणतात. मंडप व्हायला माझी ना नाही, पावसात पालखीला आडोसा हवाच. पण झाडांसाठी कौल लावलाय का, हे दादा सांगत नाही, आणि गावबैठक नारळी पौर्णिमेनंतर आहे म्हणतो.

तर त्याआधी एक कर. पाऊस उघडला की शाळेतली चार पोरं घे, एक सुतळी आणि वही घे. छातीच्या उंचीवर सुतळी गुंडाळून प्रत्येक मोठ्या झाडाचा घेर मोजायचा आणि नाव लिहायचं. आम्ही इथे हेच करतो. नावं तूच सांग, दादाला किंजळ आणि ऐन यातला फरक अजून कळत नाही. सातवीण, बेहडा, ती झोपाळ्याएवढी गारंबीची वेल, सगळं वहीत येऊ दे. बैठकीत काकांनी ती वही पुढे ठेवावी. तोंडी सांगितलं तर "पोरगी तिकडून शिकवते" म्हणतील. कडेला रानमोडीचं तण माजलं असेल तर ते मात्र पोरांना खुशाल उपटू दे. त्याला कौल नको.

बाबांची गोळी संपायच्या आधी आणायला सांग. गौरीचा तेरडा आणशील तेव्हा फोटो पाठव, मुळांसकट.

तुझी,
सुमन