जुलैतल्या कुरडया

कार्ल्सरूह, जर्मनी
जुलै

तीर्थरूप आई आणि अण्णा यांना शिरसाष्टांग नमस्कार. आजींनाही सांगा. पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, फक्त मधला भरताचा भाग गाळा. चातुर्मासात वांग्याचं नाव घेतलं म्हणून त्या उगाच रागावतील.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दोघंच त्या घरात, दिवसभर करता तरी काय?" मी तोंड उघडलं तेवढ्यात अण्णा विहिरीवरची मोटार बंद करायला उठले आणि छोटी फोन घेऊन मला वासरू दाखवायला गोठ्यात पळाली. वासरू छान आहे. उत्तर राहिलं, ते आता लिहिते.

तिकडे पाऊस पडून गेला, केळीच्या मृगबागेची लागण उरकली, आणि आमचा उन्हाळा आत्ता कुठे भरात आलाय. या आठवड्यात पारा ३६ वर गेला. हसू नका. जर्मनीचा आजवरचा विक्रम ४१.२ अंशांचा आहे, २५ जुलै २०१९ चा. आमच्या या गावाने २००३ च्या ऑगस्टमध्ये ४०.२ पाहिले. आपल्या भुसावळला एवढ्या उन्हात लग्नाच्या पंगती उठतात, हे मला माहीत आहे. तरी सांगते आई, इथले ३६ आपल्या ४४ ला भारी पडतात, आणि त्याला कारण घर.

आपलं जुनं घर धाब्याचं. लाकडी कड्या, त्यावर मातीचा जाड थर. भर दुपारी बाहेरून आत आलं की घडीभर डोळ्यांना काही दिसत नाही, पण अंग निवतं. इथे आम्ही चौथ्या मजल्यावर, थेट उतरत्या कौलांखाली राहतो. कौलं दिवसभर तापतात. त्यांच्या खाली थंडीसाठी भरलेलं जाड अस्तर असतं, ते हिवाळ्यात ऊब धरून ठेवतं आणि उन्हाळ्यातही तेच काम इमानेइतबारे करतं. रात्री अकराला बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि आमची खोली अजून दुपारीच अडकलेली. छताला पंखा नाही, पंख्याचा हूकसुद्धा नाही. हे गाव १७१५ साली इथल्या एका संस्थानिकाने वसवलं ते नेमकं पंख्याच्या आकारात: मधोमध राजवाडा आणि तिथून चहूकडे फुटलेले ३२ रस्ते. म्हणजे पंखा आहे, पण तो नकाशावर.

तुमच्या चिरंजीवांनी मागच्या महिन्यात कूलर करायचा घाट घातला. टेबलफॅन आणला, त्याच्यापुढे ओला पंचा टांगला आणि ऐटीत बसून राहिले. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की पाणी भराभर उडतं, म्हणून कूलर गार करतो. इथे ऱ्हाइन नदीचं खोरं, हवेत आधीच दमटपणा. पंचा ओला तो ओलाच, आणि खोलीत मुंबई आली. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी शिकवलं तेच खरं ठरलं. पहाटे पाचला सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, आठाच्या आत बंद करून बाहेरून पट्ट्यांचे पडदे पार खाली सोडायचे, ते रात्रीपर्यंत वर करायचे नाहीत. या बाईंनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही, पण बोलल्या शब्दन्‌शब्द तुमच्यासारखं: "उन्हाला घरात घेतलंच कशाला?"

तर आमचा दिवस असा. पाचला हे उठतात. (हो, हेच. तुम्ही वीस हाका मारायचात, तेच.) खिडक्या उघडतात, चहा ठेवतात. साडेपाचला चांगलं उजाडलेलं असतं. भाजी-पोळी मी सातच्या आत करून टाकते, कारण नंतर शेगडीजवळ उभं राहवत नाही. मग घरात अंधार करून मी माझं कामाचं टेबल धरते आणि हे सायकलने ऑफिसला जातात. त्यांच्या ऑफिसात तळमजला गार असतो, म्हणून या दिवसांत त्यांची कामावरची निष्ठा फार वाढली आहे. दुपारी जेवायला ताक, आदल्या दिवशीची भाकरी, कांदा आणि तुम्ही दिलेला ठेचा. ताक इथे डब्यात मिळतं, आंबटपणाला बरं असतं, जिरं-मीठ घालावं लागतं. या इमारतीत प्रत्येक घराला तळघरात एक जाळीची खोली मिळते, लोक तिथे सायकली आणि जुने बूट ठेवतात. आम्ही तिथे ताक, पाण्याच्या बाटल्या आणि लोणच्याची बरणी ठेवली आहे. चार मजले उतरून गार पाणी आणायचं म्हणजे लहानपणी विहिरीवर जायचो त्यातलाच प्रकार, फक्त वाटेत गप्पा मारायला कोणी नसतं.

तुम्ही विचारलं होतं, फरशी कोण पुसतं. इथे लाकडी जमीन आहे. आपण उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओततो तसं ओतलं तर पाट्या फुगतील आणि घरमालक पैसे कापेल. त्यामुळे फडकं घट्ट पिळून पुसावं लागतं, आणि पिळायला मनगट यांचं चांगलं. वॉशिंग मशीन, मिक्सर, खिळे ठोकणं, जे काही आवाजाचं असेल ते रात्री दहाच्या आत. रविवारी दिवसभर शांतता आणि दुकानंही बंद. म्हणून आमचा शनिवार म्हणजे नुसती पळापळ.

आणि याच शनिवारात आम्ही कुरडया केल्या.

मला कळतंय तुम्ही काय म्हणाल. कुरडया चैत्र-वैशाखातल्या, आषाढात कोण करतं? पण आई, आमचं सगळंच वर्ष सरकलंय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुम्ही घागर भरलीत, वर डांगर (खरबूज) ठेवलंत, गल्लीतल्या पोरी निंबाच्या झोक्यावर होत्या, आणि इथे आम्ही स्वेटर घालून डब्यातला आमरस खात होतो. माहेरी अमळनेरला आईने फोनवर झोका दाखवला तेव्हा माझ्या खिडकीबाहेर झाडांना नुकती पानं फुटत होती. मग ऊन आलंय तर कुरडया आत्ता नाही करायच्या तर कधी?

गहू बुधवारी भिजत घातले. रोज पाणी बदललं, तरी तिसऱ्या दिवशी तो आंबूस वास सुटलाच. आपल्याकडे त्या वासाने कळतं की अमक्यांकडे उद्या कुरडया आहेत. इथे जिन्यात लोक एकमेकांकडे बघायला लागले. यांनी बादली उचलून बाल्कनीत नेली. शनिवारी मिक्सरवर थोडे थोडे वाटले, पंचातून गाळले, चीक बसू दिला, वरचं पाणी काढलं. खरी परीक्षा चीक हाटायची. तुमच्या अंगणात चूल पेटते तेव्हा एक जण ओततं, एक हाटतं, एक जण पातेलं धरतं, आणि वर दोन जणी नुसत्या बसून सांगतात की गुठळी होतेय, गुठळी होतेय. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, पंधरा दिवसांत अख्खी गल्ली उरकते. त्या बसून सांगणाऱ्या दोघींचं काम किती मोठं असतं ते मला इथे समजलं. मी ओतत होते, हे हाटत होते, आणि गुठळी होतेय हे दोघांनाही घामातून दिसत नव्हतं. झाल्या थोड्या. चमच्याने काढल्या आणि तेल-मीठ लावून तिथेच उभ्या उभ्या खाल्ल्या.

सोऱ्या पितळी, तुम्ही सामानात बांधून दिलेला. हात यांचे. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर जुनी चादर ताणली आणि तिच्यावर कुरडया घातल्या. इथलं ऊन आपल्यासारखं चटका देत नाही, पण दिवस भला मोठा, सूर्य मावळायला साडेनऊ वाजतात. त्या हिशेबाने संध्याकाळी वरची बाजू चांगली कडक झाली होती. सातच्या सुमारास पश्चिमेकडून काळं आलं. तेच वळीव, तसंच धुळीचं वादळ आधी, मग गडगडाट. आपल्याकडे अशा वेळी सगळ्या गच्च्यांवर एकदम धावपळ होते. इथे अख्ख्या रस्त्यात धावणारे आम्ही दोघंच. स्टँड दारातून आत येईना, म्हणून चादर चारी कोपऱ्यांनी उचलून पलंगावर आणली. रात्री पलंगावर कुरडया झोपल्या, आम्ही बाहेरच्या खोलीत जमिनीवर. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन दिलं. आता डबा भरून आहेत. आकार तुम्ही बघू नका.

आता भरीत. (आई, इथून गाळा.) कांदेनवमीला इथल्या बागेत गेलो होतो. बागेत काही जागी कोळशाची शेगडी लावायला परवानगी असते, संध्याकाळी सगळीकडे सॉसेजचा धूर. त्यात आमची वांगी. आपली भरताची वांगी हिरवट, पांढरट, मोठाली. जळगावच्या त्या वांग्याला २०१६ मध्ये केळीबरोबरच भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. इथे मिळतात ती काळी-जांभळी, सालीला जाड आणि आत पाणचट. कपाशीच्या काड्या नाहीत, म्हणून तो धुराचा वास नाही. भरीत चेचायची लाकडी बडगी नाही, म्हणून पातेल्यात चेचलं. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात सगळं घातलं. हिवाळ्यात शेतात बसून खायचं भरीत भर उन्हाळ्यात खाल्लं, आणि तरी हे दोन पोळ्या जास्त जेवले. माझं मत विचाराल तर बरं झालं होतं, भरीत नव्हतं झालं. (इथून पुढे वाचा.)

आजींना एक विचारायचं आहे, त्यासाठी खरं तर पत्राची घाई. संध्याकाळचा दिवा मी कधी लावू? घड्याळात सात वाजतात तेव्हा ऊन थेट देवाच्या फोटोवर पडलेलं असतं, ज्योत दिसतसुद्धा नाही. सूर्य मावळायची वाट बघावी तर साडेनऊ. तोवर आमचं जेवण होऊन भांडी घासून झालेली असतात. हिवाळ्यात उलटं, साडेचारलाच अंधार पडतो आणि मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असते. हे म्हणतात, तू तुला जमेल तेव्हा लाव, देवाला चालतं. देवाचं मला माहीत आहे, आजींचं काय ते सांगा. सध्या मी सातलाच लावते.

अण्णा, तुम्ही इथल्या केळ्यांचा भाव विचारला होता. किलोवर मिळतात, डझनावर नाही. दीड युरोच्या आसपास किलो, म्हणजे साधारण दीडशे रुपये. येतात इक्वेडोर, कोलंबिया, कोस्टारिका इथून. सगळी एका मापाची, हिरवट-पिवळी, डाग नसलेली आणि चवीला अळणी. तुम्हाला क्विंटलमागे व्यापारी काय देतो ते आठवून हे दुकानातच गप्प झाले, मग घरी येईपर्यंत कागदावर हिशेब. मेच्या वादळात शेजारच्या शिवारातल्या बागा आडव्या झाल्या आणि आपली वाचली, हे ऐकून जीव भांड्यात पडला. वारा अडवायला बांधाला लावलेलं गजराज गवत या वर्षी कापू नका, असं हे सांगायला सांगतात.

रात्री काय करता, हेही तुम्ही विचारलं असतं. काही नाही. दहाला पडदे वर करतो, खिडक्या उघडतो. बाल्कनी एवढीशी की एका माणसाची गादी अर्धी बाहेर, अर्धी दारात. डोकं बाहेर काढून पाय आत ठेवायचे. एका रात्री ते, एका रात्री मी. आतला माणूस उकडतंय म्हणून कुरकुर करतो आणि बाहेरचा वर बघून गच्चीवरच्या गोष्टी सांगतो: कोण कुठे बाज टाकायचं, काका रात्री किती घोरायचे, पाणी शिंपडलं की सिमेंटचा वास कसा यायचा. खालच्या आजीबाईंना मराठी येत नाही हे बरं आहे, काका इथेही बदनाम झाले असते.

ऑगस्टमध्ये मामांच्या ओळखीतला मुलगा इकडे येतोय, त्याच्याकडे देता आलं तर सोऱ्याची बारीक चकती आणि भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ द्या. ठेचा नको, त्याच्या बॅगेत सांडेल. ज्वारीचे बिबडे थोडेच द्या, मोडतात. छोटीला सांगा वासराचं नाव ठेवायला मी येईपर्यंत थांबू नकोस, तिने सुचवलेलं चालेल.

खाली यांच्यासाठी जागा सोडली आहे.

आपली सून

आई, हाटलं मी, सोऱ्या मी दाबला, हे हिने किती ओळींत उरकलंय पाहा. दंडाला अजून गोळे आहेत. अण्णा, ठिबकचा फिल्टर उघडून धुऊन घ्या, पावसात गाळ येतो. पैसे सोमवारी पाठवतो.